चुंगाच्या धाग्याची टोपली: वूनान विणकाम पायरीपायरीने

पनामाच्या पूर्व टोकाला दारिएनचं जंगल आहे. तिथून सीमा ओलांडली की कोलंबियाचा चोको प्रांत लागतो. या सगळ्या पट्ट्यात नद्यांच्या काठाने वूनान लोकांची गावं आहेत, आणि त्यांच्या शेजारी एम्बेरा लोकांची. पुरुष कोकोबोलोचं लाकूड आणि तागुआ ताडाचं पांढरंशुभ्र कठीण बी कोरतात, बायका टोपल्या विणतात. वूनान भाषेत या बारीक विणीच्या टोपलीला होसिग दी म्हणतात. धान्य-फळं ठेवायच्या साध्या टोपल्या तिथे पूर्वीपासून होत्याच. मात्र रंगीत नक्षीच्या, संग्राहक शोधत येतात अशा टोपल्या 1980 नंतरच्या काळात बहरल्या. आज त्या विक्रीवर अनेक घरं चालतात.

ही टोपली पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ती विणलेली आहे हे खरं वाटत नाही, इतकी ती गुळगुळीत लागते. त्यामुळे हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असा समज होतो. माझं मत वेगळं आहे. यातला टाका एकच आहे आणि तो अर्ध्या तासात शिकता येतो. खरी मेहनत धागा तयार करण्यात आणि तो बारीक ठेवण्यात आहे. म्हणून या लेखात धाग्यावर जास्त लिहिलं आहे. तो भाग वगळून थेट टाक्याकडे गेलात तर टोपली होईल, पण ओबडधोबड होईल.

आधी प्रकार समजून घ्या

आपल्याकडे बुरूडकामात बांबूच्या उभ्या-आडव्या कांबी एकमेकींखालून-वरून जातात. वूनान टोपलीत तसं काही नसतं. धाग्यांचा एक लांबलचक जुडगा घेतात. त्याला आपण गाभा म्हणू. हा गाभा चकलीसारखा मधून बाहेर फिरवत नेतात आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला सुईने शिवत जातात. शिवणारा धागा गाभ्याला पूर्ण झाकून टाकतो, म्हणून बाहेरून फक्त टाकेच दिसतात. भारतात याच पद्धतीचं उत्तम काम बघायचं असेल तर मिथिलेतलं सिक्की गवताचं काम बघा. तिथेही आत जाडसर गवताचा गाभा असतो आणि वर सोनेरी सिक्कीची शिवण.

धागा कुठून येतो

शिवायचा धागा चुंगा नावाच्या ताडाचा. शास्त्रीय नाव ॲस्ट्रोकॅरियम स्टँडलेयानम. कोलंबियात याच झाडाला वेर्रेगे म्हणतात. खोडभर चपटे, काळे, बोटभराहून लांब काटे असतात, त्यामुळे झाडावर चढणं शक्यच नसतं. या झाडाची फळं अगूती नावाचा सशाएवढा प्राणी नेतो आणि बिया जमिनीत पुरून ठेवतो. मग दुसरी अगूती त्या चोरून आणखी दुसरीकडे पुरते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर शास्त्रज्ञांनी बियांना खुणा लावून हे पाहिलं. त्यांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक बी तर 36 वेळा पुरली गेली होती. जंगलात अगूती टिकल्या तर चुंगा टिकतो, आणि चुंगा टिकला तर टोपली.

धाग्यासाठी लागतं ते फक्त मधलं, अजून न उघडलेलं, भाल्यासारखं उभं कोवळं पान. उंच झाडाचं पान हाताला लागत नाही, म्हणून झाडच तोडायची सवय एकेकाळी लागली आणि गावांजवळचा चुंगा विरळ झाला. लांब काठीला पातं बांधून खालूनच तेवढं पान कापणं आणि त्याच झाडाला पुढची पानं फुटायला सवड देणं, हा त्यावरचा उपाय. गाभ्यासाठी दुसरी वनस्पती वापरतात, नाउआला, म्हणजे कार्लुदोविका पामाता. पनामा हॅट या नावाने विकली जाणारी, पण मुळात इक्वेडोरची असलेली टोपी हिच्याच पानांची करतात.

कापून आणलेलं पान उघडून त्याच्या पट्ट्या सुट्या करायच्या, काटे काढायचे, मग प्रत्येक पट्टीचा कडक भाग सोलून मऊ पातळ तंतू वेगळा करायचा. हे तंतू धुऊन काही दिवस उन्हात टांगतात. हिरवट छटा जाऊन ते फिकट पांढरे होतात. त्यानंतर नखाने किंवा सुईच्या टोकाने ते आणखी चिरतात. टोपलीचा दर्जा या चिरण्यात ठरतो.

घरी काय वापराल

चुंगा आपल्याकडे मिळत नाही, आणि तो मागवावा असंही मला वाटत नाही. त्याच्या सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे नैसर्गिक रॅफिया. तोही ताडाच्याच पानाचा पापुद्रा आहे. हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. घेताना नीट बघा, कारण कागदी आणि प्लॅस्टिकचा रॅफियाही त्याच नावाने विकतात. नैसर्गिक रॅफियाच्या पट्ट्या कमी-जास्त रुंद असतात, टोकांना निमुळत्या होतात आणि ओल्या केल्या की मऊ पडतात. शिंदीची पानं चटयांना आणि झाडूंना छान, पण शिवायच्या धाग्यासाठी ती ताठ पडतात. गाभ्यात मात्र त्यांच्या बारीक चिरलेल्या पट्ट्या चालतात.

गाभ्यासाठी नवशिक्यांनी ज्यूटची सुतळी घ्यावी. सगळीकडे सारखी जाडी मिळते, हाताला मऊ असते. हात बसला की वाळलेल्या लांब गवताकडे वळा; टोपली हलकी आणि ताठ होते. काथ्या घेऊ नका, त्याची कुसं टाक्यांमधून बाहेर येतात.

सुई गोधडी शिवायची घ्या, टोकदार आणि रॅफिया जाईल एवढ्या नेढ्याची. दाभण जाड पडतं, खालच्या फेरीत मोठी भोकं पाडतं. याशिवाय कात्री, पाण्याची वाटी, ओला रुमाल आणि गवताचा गाभा असेल तर शीतपेयाच्या बारीक नळीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा. गवताचा जुडगा या नळीतून ओवून ठेवला आणि नळी पुढे सरकवत गेलात की गाभ्याची जाडी आपोआप सारखी राहते. जुडगा नळीत सैल वाटला की एक काडी वाढवायची.

किती धागा, किती वेळ: आधी हिशेब

समजा गाभा टाक्यांसकट 3 मिलिमीटर जाडीचा आहे आणि तुम्हाला 10 सेंटिमीटर व्यासाचा तळ करायचा आहे. गोल तळाचं क्षेत्रफळ भागिले गाभ्याची जाडी, म्हणजे साधारण 2 मीटर 60 सेंटिमीटर गाभा लागेल. टाका 1 मिलिमीटर रुंद असेल तर तळातच सुमारे 2,600 टाके झाले. एका टाक्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास धागा जातो, म्हणजे तीस-पस्तीस मीटर रॅफिया एकट्या तळाला.

आता गाभा निम्मा करा, 1.5 मिलिमीटर, आणि टाकाही निम्मा. त्याच तळाला 10,000 हून जास्त टाके लागतात. बारकाई दुप्पट केली की काम चौपट होतं. चांगली वूनान टोपली करायला महिने का जातात आणि तिची किंमत तेवढी का असते, ते या गणितावरून कळतं. पहिली टोपली 3 मिलिमीटरचीच करा.

रंगवणं

दारिएनमध्ये रंग जंगलातून आणि परसातून येतात. आचिओतेच्या बियांचा नारिंगी (आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात हीच शेंदरी), हळदीच्या जातीच्या कंदाचा पिवळा, कोकोबोलोच्या लाकडाच्या भुशाचा तांबूस तपकिरी. हागुआ नावाच्या झाडाच्या कच्च्या फळाचा रस पिळला तेव्हा जवळपास बिनरंगी असतो, पण हवा लागली की निळसर काळा होतो. वूनान आणि एम्बेरा लोक याच रसाने अंगावर नक्षी काढतात. टोपल्यांवरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या आणि कोनाकोनांच्या भौमितिक आकृत्या त्या अंगावरच्या नक्षीच्याच नात्यातल्या आहेत. गडद काळा हवा असेल तर कोकोबोलोत रंगवलेले तंतू चिखलात पुरतात. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि चिखलातलं लोह यांच्या संयोगातून काळा रंग उतरतो.

कोकोबोलो हे शिसवीच्याच कुळातलं, डाल्बर्जिया जातीचं झाड. त्याच्या बेकायदा तोडीने वूनान जमिनींवर फार अन्याय झाला आहे. 2012 मध्ये अशाच एका संघर्षात त्यांच्या एका नेत्याचा जीव गेला. 2013 पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींसाठीच्या, कराराचं नियंत्रण आहे.

घरी काळा रंग त्याच तत्त्वावर आपल्या हिरड्याने करता येतो. गंजके खिळे आणि गुळाचा खडा पाण्यात घालून झाकून दोन आठवडे ठेवा. हे लोहाचं पाणी. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या, धागा त्यात रात्रभर भिजवा, सावलीत सुकवा, मग लोहाच्या पाण्यात काही मिनिटं बुडवा. रंग डोळ्यांदेखत काळवंडतो. लगेच काढून स्वच्छ पाण्यात चार-पाच वेळा खळबळून धुवा. लोह धाग्यात राहिलं तर तो काही महिन्यांत कडकड तुटायला लागतो. तपकिरीसाठी पानात खायचा कात. पिवळ्यासाठी हळद आहेच, मात्र ती उन्हात उडते, तेव्हा नक्षीचा मुख्य भाग हळदीच्या भरवशावर ठेवू नका. कात आणि हळदीसाठी धागा आधी तुरटीत घ्यावा, 100 ग्रॅम धाग्याला 10 ते 12 ग्रॅम तुरटी. पाणी खदखदू देऊ नका. मंद आचेवर पाऊण तास पुरतो.

धागा रंगवून झाल्यावरच चिरा. आधी चिरलात तर भांड्यात त्याचा गुंता होतो.

सुरुवात: मधला ठिपका

रॅफियाची पट्टी ओल्या रुमालात दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. टपकण्याइतकी ओली नको, कारण ओला धागा सुकल्यावर आकसतो आणि टाक्यांमध्ये फटी पडतात. पट्टी उभी चिरून साधारण 2 मिलिमीटर रुंद करा. ओढल्यावर ती गोळा होऊन 1 मिलिमीटरचा टाका बसतो. लांबी हातभरापेक्षा जास्त घेऊ नका. लांब धागा गाभ्यातून शेकडो वेळा घासून जातो आणि शेवटी पिसारतो.

गाभ्याचं टोक कात्रीने तिरपं कापून निमुळतं करा. टोकापासून दोन सेंटिमीटर धागा घट्ट गुंडाळा, एकाला एक वेढा लागून. हा गुंडाळलेला भाग वाकवून शक्य तितकं लहान कडं करा आणि सुई कड्याच्या मधून घालून तीन-चार टाक्यांनी बंद करा. मधलं भोक सुईच्या जाडीएवढंच उरलं पाहिजे. मोठं राहिलं तर उसवा. हे भोक पुढे कधीच बुजत नाही आणि टोपलीत डोकावणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

टाका

उजव्या हाताने शिवत असाल तर गाभ्याचं मोकळं टोक डावीकडे ठेवा. दिशा कोणतीही चालते, मध्येच बदलायची नाही. गाभा आधीच्या फेरीला चिकटवून धरा. धागा मागे आहे. तो गाभ्यावरून पुढे आणा. सुई खालच्या फेरीच्या दोन टाक्यांच्या मधून, आतल्या गाभ्याचा वरचा तिसरा हिस्सा उचलून, पुढून मागे घाला. धागा ओढा आणि ओढताना अंगठ्याच्या नखाने नवा टाका आधीच्या टाक्याकडे सारा. एवढाच टाका. टाके एकमेकांना इतके लागून बसवायचे की गाभा कुठेच दिसू नये. वूनान टोपलीचा रेशमी पोत त्यातूनच येतो.

सुई खालच्या टाक्याच्या धाग्यात घुसू देऊ नका. टाका चिरला की तिथे केस उभे राहिल्यासारखं दिसतं, आणि शंभर टाक्यांनंतर सगळा पृष्ठभाग लोकरी होतो.

तळ पसरतो तशी प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी होते. म्हणून काही ठिकाणी एकाच फटीत दोन टाके घालावे लागतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तर जवळपास प्रत्येक फटीत दोन. पुढे हे कमी होत जातं. 3 मिलिमीटरच्या गाभ्याला, कुठलीही फेरी असो, परीघ सुमारे 19 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे दर फेरीला 19 टाके वाढायला हवेत. हा आकडा लक्षात ठेवा, नक्षीच्या वेळी लागेल.

तळ वाटीसारखा वर उचलला जात असेल तर टाके कमी वाढवताय किंवा गाभा ओढताय. गाभा नुसता धरायचा असतो, ओढायचा असतो तो धागा. तळ झालरीसारखा लाटा घेत असेल तर टाके जास्त झालेत. थोडा बाक असेल तर ओलसर फडक्यात गुंडाळून रात्रभर पाट्याखाली ठेवा, सरळ होतो. जास्त असेल तर दोन फेऱ्या उसवणंच बरं.

धागा पाच सेंटिमीटर उरला की थांबा. गाठ मारायची नाही. उरलेलं टोक गाभ्याला समांतर टेकवा, नव्या धाग्याचं टोकही तसंच गाभ्यात दडवा आणि जुना धागा जिथे संपला नेमक्या तिथून नवा बाहेर काढून दोन्ही टोकांवरून शिवत जा. गवताचा गाभाही असाच वाढवायचा, एका वेळी एकच काडी, जुडग्याच्या पोटात खुपसून. सुतळी संपली तर जुनं आणि नवं टोक उसवून, निमुळतं करून, दोन-तीन सेंटिमीटर एकमेकांवर चढवा.

नक्षी

वूनान टोपल्यांवर भौमितिक आकृत्या असतात, तशी फुलपाखरं, मकाव पोपट, टूकान, बेडूक आणि जंगलातली पानंही असतात. पक्ष्यांच्या टोपलीत रंग बदलणं टाक्या-टाक्याला येतं. पहिल्या टोपलीला दोन रंग पुरे.

रंग बदलताना जुना रंग तोडू नका, गाभ्याबरोबर आत झोपवून पुढे न्या आणि लागेल तेव्हा बाहेर काढा. मात्र पांढऱ्या टाक्यांखालून काळा धागा लांबवर नेऊ नका. जिथे टाका जरा सैल पडेल तिथून काळं डोकावतं. चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तोडून नव्याने जोडलेलं चांगलं.

तळावर सहा पाकळ्यांचं फूल हा सोपा आणि देखणा आरंभ. फेरीला 19 टाके वाढतात, सहा भाग केले तर प्रत्येक भागाला तीन. म्हणजे पाकळी दर फेरीला तीन टाक्यांनी रुंदावत गेलात तर तिच्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या सगळीकडे सारख्या रुंदीच्या राहतात. दीड-दीड टाक्याने, म्हणजे एका फेरीला एक आणि पुढच्या फेरीला दोन असं वाढवलंत तर पाकळी आणि मधली जागा दोन्ही सारख्या वाढतात. उरलेला एखादा टाका कुठेतरी पांढऱ्यात मुरवायचा.

भिंतीवर हिशेब सोपा होतो. सरळ उभ्या भिंतीत टाके वाढत नाहीत, म्हणून चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी तशीच उतरवता येते. चौकट मात्र उभी धरा: टाका 1 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर उंच आहे. साध्या चौकोनी चौकटीवर काढलेला पक्षी टोपलीवर तिप्पट ताणलेला दिसेल. शिवाय या विणीत उभ्या रेषा हळूहळू एका बाजूला कलतात, कारण प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या किंचित पुढे बसतो. हा कल काढता येत नाही. ज्या नक्षीत तो खपून जातो ती निवडायची. तिरप्या पायऱ्या, वीज, नागमोड छान दिसतात, उभे पट्टे फसतात.

भिंत आणि तोंड

तळ पुरेसा झाला की गाभा बाजूला लावण्याऐवजी वर ठेवा. एकदम बरोबर डोक्यावर ठेवलात तर काटकोनी डबा होतो. वूनान टोपलीचा फुगीर घाट हवा असेल तर सात-आठ फेऱ्यांत गाभा थोडा थोडा वर चढवत न्या. पोट भरलं की गाभा किंचित आत ठेवत जा आणि दर फेरीला खालच्या काही फटी टाका न घालता सोडा, म्हणजे टाके कमी होतात. आकार डोळ्यांनी ठरवावा लागतो. दर दोन फेऱ्यांनी टोपली डोळ्यांच्या पातळीवर धरून फिरवा. ताण एका दिवशी सैल आणि दुसऱ्या दिवशी घट्ट पडतो, त्यामुळे बसणं सोडताना फेरीच्या सुरुवातीशी खूण करून तिथेच थांबलेलं चांगलं. निदान फरक फेरीच्या मध्ये दिसत नाही.

शेवटच्या सहा सेंटिमीटरमध्ये गाभ्याचे धागे एकेक करून वेगवेगळ्या लांबीवर कापा. गाभा निमुळता होत खालच्या फेरीत विरघळला पाहिजे. त्यावरून शिवत जा, मग सुई मागच्या दहा-बारा टाक्यांखालून नेऊन धागा कापा.

जपणूक आणि विकत घेणं

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ताडाच्या धाग्यावर बुरशी लवकर धरते. टोपली प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. उघड्या फळीवर, भिंतीपासून थोडी दूर, आणि खिडकीतल्या थेट उन्हापासून लांब ठेवा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा.

खरी वूनान टोपली घेणार असाल तर आतून बघा. चांगल्या टोपलीचा आतला भागही बाहेरच्या इतकाच स्वच्छ असतो, टोकं लोंबत नाहीत. मग मधला ठिपका बघा, आणि बोटाने काठ दाबून बघा, तो लगेच मूळ जागी यायला हवा.

ही वीण कुणीही शिकावी. पण वूनान बायकांच्या आकृत्या जशाच्या तशा उचलून, त्यांच्या नावाने टोपल्या विकू नयेत. एम्बेरा-वूनान कोमार्का हा स्वायत्त प्रदेश पनामाने 1983 मध्ये मान्य केला, आणि 2000 च्या कायदा क्रमांक 20 ने तिथल्या आदिवासींच्या पारंपरिक कलाकृतींवर त्यांचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. आपल्या टोपलीवर वारली आकृत्या, गोधडीचे चौकोन किंवा दारातली रांगोळी आणा. ठिपक्यांची रांगोळी तर या विणीला फार सोयीची आहे, कारण तीही मोजूनच काढतात. अर्थात वारली चित्रांनाही त्यांचे धनी आहेत. विकायची असेल तर तिथेही हाच नियम पाळा.

दुसऱ्या टोपलीला नक्षी आणि आकार तोच ठेवा, फक्त गाभा 3 वरून अडीच मिलिमीटरवर आणा आणि धागा त्या मानाने बारीक चिरा. दोन्ही टोपल्या शेजारी ठेवल्या की हात कुठे सुधारला आणि कुठे अजून घाई करतो, ते दिसेल.